बेसमेंट, परमिट आणि खिळ्यांची बंदूक

सांगलीत आमचं हार्डवेअरचं दुकान होतं. खिळे किलोवर जायचे. बाबा पोत्यातून पत्र्याच्या डब्यानं खिळे काढून तराजूत टाकायचे आणि जुन्या वर्तमानपत्रात पुडा बांधून द्यायचे. दीड इंची कुठला, अडीच इंची कुठला हे मला डोळे मिटून सांगता यायचं, पण ठोकायची वेळ कधी आली नाही. ठोकायला सुतार होते. चव्वेचाळिसाव्या वर्षी, न्यू जर्सीतल्या घराच्या बेसमेंटमध्ये, कानाला मफ लावून, साडेतीन किलोची खिळ्यांची बंदूक हातात धरायची वेळ आली तेव्हा हे सगळं आठवलं. आठवून उपयोग काही झाला नाही.

घर १९८६ सालचं. खाली पूर्ण बेसमेंट आहे: काँक्रीटच्या भिंती, एका कोपऱ्यात फर्नेस आणि उरलेल्या जागेत आकाशकंदिलाचे खोके. आई-बाबा दर उन्हाळ्यात सहा महिने येतात, तेव्हा माझ्या ऑफिसची खोली त्यांना जाते आणि मी डायनिंग टेबलावर लॅपटॉप घेऊन बसते. म्हणून बेसमेंट राहण्याजोगं करायचं ठरलं. दोन काँट्रॅक्टरनी अंदाज दिले, ३८,००० आणि ४६,००० डॉलर. नवरा म्हणाला, विसर. मी म्हटलं, वीज आणि ड्रायवॉल (जिप्समचे बोर्ड) बाहेरून करून घेऊ, भिंतींचा सांगाडा मी उभा करते. तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण.

भारतातल्या वाचकांसाठी थोडं सांगते. इथे घराच्या आतल्या भिंतीत वीट नसते. 'दोन बाय चार' म्हणून जी लाकडी पट्टी मिळते (मोजली तर ती दीड बाय साडेतीन इंच भरते, फसू नका) तिचा सांगाडा करायचा आणि त्यावर जिप्समचे बोर्ड ठोकायचे. खाली एक आडवी पट्टी, वर एक, मध्ये उभ्या पट्ट्या. उभीला स्टड म्हणतात, आडवीला प्लेट. माझ्या आराखड्यात ७४ स्टड होते. प्रत्येकाला खाली-वर मिळून सहा खिळे, म्हणजे साडेचारशेच्या आसपास. हातोडीनं होतं ते, लोक करायचेच की. पण पहिल्याच शनिवारी सरावाला म्हणून वीस खिळे ठोकले, त्यातले सात वाकले आणि अंगठ्याचं नख काळं पडलं. तेव्हा एका मित्राला फोन केला. त्यानं दोन वर्षांपूर्वी स्वतःचं बेसमेंट केलं होतं. तो म्हणाला, "माझी बंदूक गॅरेजमध्ये धूळ खातेय, घेऊन जा. कॉम्प्रेसर मात्र तुझा तू बघ."

पण बंदुकीच्या आधी परमिट, म्हणजे बांधकामाची परवानगी.

न्यू जर्सीत फॉर्म राज्यभर सारखेच आहेत, ही एक सोय. मुख्य अर्ज एफ-१००, मग बिल्डिंगचा एफ-११०, विजेचा एफ-१२०, आगीचा एफ-१४०. विजेचा फॉर्म परवानाधारक इलेक्ट्रिशियननं भरून शिक्का मारून दिला, बाकीचे मी भरले. स्वतःच्या राहत्या घराचा नकाशा मालकाला स्वतः काढता येतो. मी आलेखाच्या कागदावर पेन्सिलनं काढला, पाव इंच म्हणजे एक फूट. औषध कंपनीत क्वालिटीचं काम करते, कागदपत्रांची भीती वाटत नाही. ८ जानेवारी २०२४ ला टाउनशिपच्या (म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या) खिडकीवर तीन प्रती दिल्या.

नियमाप्रमाणे त्यांना कामाचे २० दिवस असतात. २ फेब्रुवारीला पत्र आलं. नकाशात मी एका खोलीवर हौसेनं 'पाहुण्यांची बेडरूम' असं लिहिलं होतं. झोपायची खोली म्हटली की आगीत बाहेर पडता येईल अशी खिडकी लागते: उघडल्यावर किमान ५.७ चौरस फूट मोकळी जागा आणि खिडकीची खालची कड जमिनीपासून ४४ इंचांच्या आत. आमच्या बेसमेंटला छताला टेकलेले दोन झरोके. काँक्रीट कापून अशी खिडकी बसवायला एकानं ५,५०० डॉलर सांगितले. रात्रभर विचार केला आणि सकाळी आराखडा उलटा केला. आई-बाबा वरच, माझं ऑफिस कायमचं खाली. हे आधीच सुचायला हवं होतं. सत्तरीतल्या माणसांना जिन्यानं खाली-वर करायला लावणार होते मी. नकाशा बदलून दिला आणि २१ फेब्रुवारीला परमिट मिळालं. फी ४३६ डॉलर, फक्त चेकनं. कार्ड चालत नाही हे खिडकीवर पोचल्यावर कळतं, म्हणून चेकबुक घेऊनच जा.

आता बंदूक. तत्त्व सोपं आहे. कॉम्प्रेसरची हवा नळीतून बंदुकीत येते, चाप ओढला की ती हवा दट्ट्याला ढकलते, दट्ट्याचं पातं माळेतल्या पहिल्या खिळ्याच्या डोक्यावर आपटतं आणि तीन इंची खिळा डोळ्याचं पातं लवायच्या आत लाकडात जातो. कॉम्प्रेसर मी १४९ डॉलरला घेतला, सहा गॅलनचा, थाळीसारखा चपटा. पहिल्यांदा सुरू केला आणि त्या आवाजानं थेट सांगलीच्या विश्रामबागेतल्या पंक्चरवाल्याची टपरी समोर उभी राहिली. तीच धडधड, टाकी भरली की तोच सुस्कारा.

खिळे आणताना पहिली चूक केली. दुकानदाराच्या मुलीनं खिळ्यात चूक करावी! ह्या बंदुकीचे खिळे सुटे नसतात, तिरक्या माळेत येतात आणि माळेचा कोन बंदुकीगणिक वेगळा असतो. मित्राची बंदूक २१ अंशांची, तिला प्लास्टिकच्या पट्टीत ओवलेले पूर्ण गोल डोक्याचे खिळे लागतात. मी आणले कागदी पट्टीचे, ३० अंशांचे. लांबी बघितली, जाडी बघितली, कोन बघितलाच नाही. माळ आत जाईना तेव्हा मी बंदुकीलाच दोष देत बसले होते. डबा फोडलेला होता, परत करायची लाज वाटली. ३४ डॉलर गेले. दुकानात जाताना बंदुकीवरच्या पट्टीचा फोटो काढून न्या.

मित्रानं फोनवर आणखी दोन गोष्टी सांगितल्या. रोज सुरुवातीला हवेच्या तोंडात तीन-चार थेंब तेल सोडायचं, पण हवेच्या हत्यारांचंच. मी आईच्या शिलाई मशीनसारखं कुठलंही तेल चालेल असं धरून चालले होते. आणि दिवस संपला की कॉम्प्रेसरच्या पोटाखालची चावी उघडून पाणी काढायचं. पहिल्या संध्याकाळी तिथून पेलाभर तांबूस पाणी आलं. हवेतली वाफ आत साचते, राहू दिली तर टाकी आतून गंजते.

तिसरी गोष्ट मी स्वतः शिकले. कॉम्प्रेसर लांब एक्स्टेंशन वायरवर लावला तर सुरू होताना आचके देतो आणि ब्रेकर पडतो. वायर लांबवू नका, हवेची नळी लांबवा. पन्नास फुटी नळी २८ डॉलरला मिळाली आणि कटकट संपली.

२ मार्चला कामाला लागले. जमिनीवर खडूच्या दोरीनं रेघा मारल्या. काँक्रीटला टेकणारी प्लेट साध्या लाकडाची चालत नाही, ओल धरते. तिला औषध मुरवलेलं हिरवट लाकूड लागतं. ते लक्षात ठेवून आणलं. त्यासोबत आणखी एक लक्षात ठेवायचं होतं ते राहिलं, त्याचं पुढे सांगते. प्लेट जमिनीला बसवायला ही बंदूक उपयोगाची नाही, तिचा खिळा काँक्रीटवरून उलटा अंगावर येऊ शकतो. तिथे मी हॅमर ड्रिलनं भोकं पाडून काँक्रीटचे निळे स्क्रू पिळले. तेवढ्यात दोन रविवार गेले, खांदे भरून आले.

पहिली उभी भिंत जमिनीवर आडवी जोडली. स्टडचे मध्य १६ इंचांवर हवेत, म्हणजे चार फुटी बोर्डाची कड बरोबर एका स्टडच्या मध्यावर येते. पण बोर्ड भिंतीच्या टोकापासून सुरू होतो, म्हणून पहिली खूण सव्वापंधरावर मारायची आणि तिथून पुढे सोळा-सोळा. हे न कळता केलं तर प्रत्येक बोर्डाच्या कडेला पाऊण इंचाचा घोळ होतो. मग बंदुकीचं नाक, म्हणजे खिळा सुटतो ते टोक, लाकडावर दाबलं, श्वास धरला आणि चाप ओढला.

फाट्!

काँक्रीटच्या खोलीत तो आवाज कानात नाही, छातीत येतो. खिळा पार गेला होता. डोकं लाकडाच्या पृष्ठभागाखाली पाव इंच रुतलं होतं. हवेचा दाब ११५ पीएसआय होता, ९० वर आणला तेव्हा डोकं सपाट बसायला लागलं. दहाव्या खिळ्यापर्यंत भीती गेली. तिसाव्या खिळ्याला चक्क मजा यायला लागली. दोन तासांत बारा फुटी भिंत तयार. नवरा आणि मुलगा दोघांना हाक मारली, तिघांनी मिळून उचलली आणि ती तीन-चतुर्थांश वर जाऊन वरच्या तुळईला अडकली. मी एका टोकाला उंची मोजली होती, आणि जुन्या घराचं छत दुसऱ्या टोकाला अर्धा इंच खाली होतं. उंची तीन ठिकाणी मोजा, सगळ्यांत कमी भरेल ती धरा, त्यातून आणखी अर्धा इंच वजा करा. वरची फट लाकडी पाचर मारून भरता येते. उंच झालेली भिंत मात्र खोलावीच लागते, आणि बंदुकीचा खिळा उपटायला गेलात की रडवतो. त्यावर एक लेप असतो, तो जाताना घर्षणानं वितळतो आणि लाकडाला चिकटतो. पटाशी-पकड काही चाललं नाही. शेवटी धातू कापायच्या पात्याची मशीन-करवत लावून फटीतून एकेक खिळा कापला. जोडायला दोन तास, खोलायला चार.

१६ मार्च, शनिवार. हे जरा सविस्तर लिहिते.

एसीच्या पत्र्याच्या डक्टखाली भिंत आडवी जोडून उचलता येत नाही, तिथे एकेक स्टड जागच्या जागी उभा करून तिरके खिळे मारावे लागतात. मी गुडघ्यावर बसले होते. डावा हात स्टडला, तळापासून वीतभर वर. उजव्या हातात बंदूक तिरकी. दुपारचे साडेचार झाले होते, सकाळपासून काम चालू होतं आणि बोट चापावर तसंच दाबलेलं होतं. नाक टेकवलं, पहिला खिळा गेला, पण तिथे नेमकी लाकडाची गाठ होती. बंदूक धक्क्यानं मागे उसळली, पुन्हा स्टडवर आपटली आणि दुसरा खिळा सुटला. मी सोडलाच नव्हता. तो गाठीवरून वळला आणि स्टडच्या बाजूनं बाहेर आला. दीड इंच खिळा बाहेर, चकचकीत, आणि माझ्या करंगळीपासून दोन बोटांवर.

काही लागलं नाही. मी बंदूक जमिनीवर ठेवली, नळी काढली, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन बसले. हात थरथरत होता हे मफ काढताना कळलं. वरून मुलगा विचारत होता, "आई, चहा टाकू का?" त्याला हो म्हटलं.

रात्री मॅन्युअल पुन्हा काढलं. (हो, मी आधी वाचलं होतं. एसओपी, म्हणजे काम कसं करायचं त्याचे लेखी नियम, वाचणं हे माझं पोट आहे. वाचणं वेगळं.) चाप दोन प्रकारचे असतात. एकात चाप दाबून धरायचा आणि नाक जिथे जिथे आपटेल तिथे खिळा. छपरं करणाऱ्यांना वेगासाठी तो आवडतो. दुसऱ्यात प्रत्येक खिळ्याला आधी नाक, मग चाप, मग चाप पूर्ण सोडायचा, तरच पुढचा. मित्राच्या बंदुकीला पहिला होता. ओशा आणि नायॉश या इथल्या सरकारी संस्थांची २०११ ची एक पुस्तिका सापडली. खिळ्यांच्या बंदुकीनं वर्षाला अंदाजे ३७,००० लोक इमर्जन्सीत जातात, आणि आपटून सुटणाऱ्या चापानं इजेचा धोका दुप्पट. माझ्यासोबत जे झालं त्याला त्यांनी नाव दिलेलं आहे, डबल फायर, आणि ते नवशिक्यांच्या बाबतीतच जास्त होतं. हे वाचून वाईट वाटावं की बरं वाटावं ते कळेना. एकेरी चापाचा संच १९ डॉलरला मागवला, चार दिवसांनी आला, दोन पिना काढून बसवला. ते चार दिवस बंदुकीला हात लावला नाही.

त्यानंतर स्टड हातानं धरला नाही. क्लॅम्प लावला. हात खिळ्याच्या जागेपासून फूटभर लांब, गाठ दिसली की जागा बदलायची, खिळा अडकला की आधी नळी काढायची आणि मगच नाकाकडे बघायचं. चारनंतर बंदूक बंद. बाबांना व्हिडिओवर काहीच सांगितलं नाही. त्यांनी नुसतं विचारलं, "अगं, चष्मा लावतेस ना?" ते ऐकून पोटात कसंसं झालं. चष्मा लावत होते.

मार्चअखेर सांगाडा उभा राहिला. ५ एप्रिलला, शुक्रवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास मी वर मीटिंगमध्ये होते आणि घर हललं. न्यू जर्सीत भूकंप! ४.८ चा. सगळे गल्लीत धावले, मी बेसमेंटमध्ये. भिंती जागच्या जागी होत्या, एक पाचर तेवढी खाली पडलेली. ८ तारखेला सूर्यग्रहण, त्याच दिवशी विजेच्या तारांची तपासणी पास. ९ ला गुढीपाडवा. इतकं सगळं एका आठवड्यात झाल्यावर ११ तारखेच्या फ्रेमिंगच्या, म्हणजे सांगाड्याच्या, तपासणीबद्दल मी नको तेवढी निर्धास्त होते.

वेळ दिली जात नाही, 'सकाळी' एवढंच सांगतात. सुट्टी घेतली होती. इन्स्पेक्टर अकराला आला, पन्नाशीचा, कमी बोलणारा. टॉर्च घेऊन फिरला. भिंतींना हात लावून हलवून बघितलं, मान डोलावली. मग वाकून कोपऱ्यातला माझा खिळ्यांचा डबा उचलला आणि लेबल वाचलं. "हेच वापरलेत, खालच्या प्लेटला सुद्धा?" मी हो म्हटलं. औषध मुरवलेल्या लाकडात तांब्याचे क्षार असतात, साधा खिळा त्यात काही वर्षांत खाऊन जातो. तिथे जस्ताचा जाड मुलामा दिलेला, हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड खिळा लागतो. हेच ते राहिलेलं. आमच्या दुकानात काळा खिळा आणि जस्ती खिळा वेगळ्या पोत्यांत असायचा, पावसाळ्यात गिऱ्हाईक जस्ती मागायचं, आणि मी त्याच दुकानात गृहपाठ करत मोठी झाले. दुसरी चूक म्हणजे सांगाडा आणि काँक्रीटची भिंत यांच्यातली पोकळी वरून उघडी होती. तिथून आग भिंतीमागून वर चढते, म्हणून ती वरून बंद करायची आणि आडवीही दर दहा फुटांवर अडवायची. माझ्या नकाशात हे होतं, भिंतीत नव्हतं. दारावर लाल स्टिकर लागला.

तो जाताना म्हणाला, "भिंत सरळ आहे." तेवढंच. मी जिन्यावर बसून रडले, मग टाउनशिपला फोन करून पुढची तारीख घेतली.

खिळे काढायचे नव्हते, सुदैवानं. प्रत्येक स्टडच्या तळाशी औषधी लाकडासाठी चालणारे स्क्रू तिरके पिळायचे. ७४ स्टड, प्रत्येकी तीन. चार संध्याकाळी लागल्या, स्क्रू ४१ डॉलरचे. पोकळीला अर्ध्या इंची जिप्सम बोर्डाच्या पट्ट्या आणि मिनरल वूल, म्हणजे दगडाची लोकर. लोकर भरताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, मी घातला नाही आणि दोन दिवस खाजवत होते. १९ एप्रिलला दुसरा इन्स्पेक्टर आला, सात मिनिटांत हिरवा स्टिकर लावून गेला. डब्याकडे त्यानं बघितलंही नाही.

इन्सुलेशनची तपासणी, ड्रायवॉल, रंग, हे सगळं मे महिन्यात झालं आणि त्यात माझं कर्तृत्व चेक फाडण्याचं. शेवटची तपासणी १२ जूनला, सर्टिफिकेट टपालानं २० ला. सांगाड्याचा माझा खर्च लाकडासकट १,२१० डॉलर, चुकीचे खिळे धरून.

बाबा जूनच्या शेवटी आले. जिना उतरून त्यांनी भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, स्टड कुठे आहे ते आवाजावरून शोधलं, पुढचा कुठे ते वितीनं मोजलं. मग खिळ्यांची उरलेली माळ हातात घेऊन वजन केल्यासारखी तळव्यावर खालीवर केली. "किलोला किती पडतो हा?" मला सांगता आलं नाही. डब्यावर नग लिहिलेले असतात.

बंदूक जुलैत मित्राला परत दिली, तेल घालून, फडक्यानं पुसून. एकेरी चाप तसाच ठेवला. जुना चाप प्लास्टिकच्या पिशवीत घालून वेगळा दिला, आणि तो पिशवी उघडून बघेपर्यंत तिथून हलले नाही.